रात्री पाय स्वस्थ बसू देत नाहीत? रेस्टलेस लेग सिंड्रोमचे उपचार कुठल्या क्रमाने करायचे

माझी आई रात्री जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दोन्ही पोटऱ्यांवर घट्ट बांधायची आणि मगच आडवी व्हायची. तरी दीड-दोनला उठून स्वयंपाकघरात गार फरशीवर अनवाणी फेऱ्या मारताना तिच्या पायांचा आवाज यायचा. घरात सगळे म्हणायचे वात आहे, तीही तेच म्हणायची. मला ३८व्या वर्षी तसंच सुरू झालं तेव्हा कळलं की ह्याला नाव आहे, रेस्टलेस लेग सिंड्रोम, आरएलएस, आणि हा घराण्यातून येऊ शकतो. नाव नवीन असलं तरी आजार जुनाच आहे, इंग्लंडच्या थॉमस विलिस ह्या डॉक्टरांनी १६७२ मध्येच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम ह्यांनी त्याला आजचं नाव दिलं, म्हणून कुठेकुठे विलिस-एकबॉम डिसीज असंही लिहिलेलं दिसतं.

मला आता नऊ वर्षं झाली. त्यातली चार वर्षं वाया गेली, कारण उपचार उलट्या क्रमाने झाले. जो आकडा पहिल्या दिवशी बघायला हवा होता तो पाचव्या वर्षी बघितला गेला आणि जी गोळी शेवटी यायला हवी होती ती आजाराचं नाव कळल्याबरोबर मिळाली. म्हणून इथे मी उपचार क्रमाने लिहितेय, काय आधी, काय नंतर, आणि का. मी डॉक्टर नाही, डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे आधीच माहीत असलं तर खूप फरक पडतो.

आधी खात्री करा की हेच आहे

ह्या आजाराची कुठली रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही, एमआरआय काढून काही सापडत नाही. निदान होतं ते तुमच्या बोलण्यावरून, त्यामुळे तुम्ही काय शब्द वापरता ह्यावर सगळं अवलंबून आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "पाय दुखतात हो रात्री" एवढंच सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणि लावायचं जेल घेऊन परत आले. दुखणं हा ह्यातला मुख्य भागच नाहीये. डॉक्टरांना ह्या चार गोष्टी सांगा: पाय हलवल्याशिवाय राहवत नाही (बहुतेक वेळा आत काहीतरी सरपटल्यासारखं, ओढल्यासारखं, फेसाळल्यासारखं वाटतं, प्रत्येकाचा शब्द वेगळा), बसलं किंवा पडलं की सुरू होतं किंवा वाढतं, उठून चाललं की निदान चालत असेपर्यंत तरी थांबतं, आणि संध्याकाळी-रात्री जास्त असतं, सकाळी बरं असतं. ह्या चारही असतील आणि दुसऱ्या कुठल्या दुखण्याने त्याचा उलगडा होत नसेल तर तो आरएलएस.

ह्याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं. पोटरीत गोळा येतो तो वेगळा, त्यात स्नायू दगडासारखा कडक होतो, हाताला लागतो आणि ताणला की सुटतो. शुगरवाल्यांच्या पायांची आग आणि बधिरपणा चालल्याने जात नाही आणि दिवसाही असतो. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरं वाटतं असं असेल तर ते बरोबर उलटं झालं, तिथे रक्तवाहिन्या दाखवायच्या. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, लाल झालाय, तर रात्र काढू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. आणि बसल्या बसल्या गुडघा हलवत राहायची अनेकांना सवय असते, ज्याच्यावरून आजी ओरडायची, ती निव्वळ सवय आहे, पाय हलवला नाही तर त्यांना तगमग होत नाही.

किती त्रास आहे हे मोजायला डॉक्टर एक दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात, ४० पैकी गुण, १० पर्यंत सौम्य, २० पर्यंत मध्यम, ३० पर्यंत तीव्र आणि त्याच्या वर अतितीव्र. उपचार सुरू करायच्या आधीचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी "फरक आहे का?" ह्याला काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही.

दोन आठवडे वहीत लिहा

साधी वही, रोज चार ओळी. त्रास किती वाजता सुरू झाला, कितीदा उठावं लागलं, शेवटचा चहा-कॉफी कधी, दारू-सिगरेट असेल तर ती, आणि त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी, सर्दीची सुद्धा. सुरू होण्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे, पुढे औषध कधी घ्यायचं ते त्यावर ठरतं आणि औषध उलटतंय का तेही त्यावरूनच कळतं.

शेजारी झोपणाऱ्याला विचारा की झोपेत पाय ठरावीक वेळाने, साधारण दर अर्ध्या मिनिटाला, झटके देतात का, आरएलएस असणाऱ्या बहुतेकांना ते होतं. घोरणं आणि श्वास अडकणंही विचारा. झोपेत श्वास थांबण्याचा आजार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर झोप मोडतच राहते आणि पायही शांत होत नाहीत.

गोळ्यांचा डबा उपडा करा

ही पायरी फुकट आहे आणि कधीकधी एवढ्यानेच अर्धा त्रास जातो. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, कंपनीच्या नावाखाली औषधाचं मूळ नाव असतं ते बघायचं.

झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या आणि सर्दीच्या गोळ्या आधी बघा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन ही नावं शोधा. आपल्याकडे मेडिकलमधून सर्दीची म्हणून जी गोळी मिळते त्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतंच, गाडी लागू नये म्हणून घाटाच्या आधी घेतात त्यात बऱ्याचदा प्रोमेथाझिन असतं. मला एकदा पावसाळ्यात सर्दी झाली, रात्री झोप लागेल म्हणून मुद्दाम तीच गोळी घेतली आणि पहाटे चारपर्यंत बाल्कनीत उभी होते, डोळे मिटत होते आणि पाय थांबत नव्हते, त्याच्याइतकी वाईट रात्र आठवत नाही. अ‍ॅलर्जीसाठी लागलंच तर फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारखी झोप न आणणारी गोळी चालते का ते विचारा.

दुसरा गट उलटी-मळमळीचा: मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन. त्याऐवजी ओंडान्सेट्रॉन बऱ्याचदा चालतं. तिसरा गट मानसिक आजारांच्या औषधांचा, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या आणि खास करून मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन, शिवाय सायकोसिसवरची (भास-भ्रमांच्या आजारावरची) औषधं. ही मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाहीत. नैराश्याची गोळी कोणाला जगवत असते. सायकियाट्रिस्टना सांगा की पायांचा त्रास ह्या गोळीनंतर सुरू झाला किंवा वाढला, बदल करता येईल का, काहींना बुप्रोपिऑन ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी पायांच्या दृष्टीने सोसते.

फेरिटिन: हा आकडा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका

आता मुख्य मुद्दा. आरएलएसमध्ये मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडतं आणि त्यामुळे डोपामिन ह्या मेंदूतल्या रसायनाचं काम बिघडतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसलंय. रक्तात हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठ्यातलं लोह कमी असू शकतं, आणि साठा कळतो फेरिटिनवरून. माझं हिमोग्लोबिन १२.४ होतं, कुठल्याही डॉक्टरने रिपोर्टवर नजर टाकून "रक्त छान आहे" म्हणावं असं. फेरिटिन निघालं १६. लॅबच्या छापील मर्यादेत १६ सुद्धा बसत होतं, पुढे तारा नव्हता, काही नव्हतं, म्हणून तो कागद एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये फिरत राहिला.

लॅबची मर्यादा सगळ्या माणसांसाठी असते, आरएलएसची मर्यादा वेगळी आहे, हे लक्षात ठेवा. मोठ्या माणसात फेरिटिन ७५ किंवा त्याच्या खाली असेल किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार करायचा. ७५ ते १०० च्या मध्ये असेल तर पोटातून घेतलेल्या लोहाचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून देता येतं.

तपासणीला सकाळी उपाशीपोटी जा. आधीच लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आदल्या दिवशी घेऊ नका, नाहीतर सिरम आयर्न खोटं वर दिसतं. ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज चालू असेल तर फेरिटिन फुगलेलं येतं, म्हणून सोबत सिरम आयर्न आणि टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते) करून घ्या म्हणजे सॅच्युरेशन कळतं. त्याच सुईत सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीसाठी), शुगर, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी१२ करून टाका, किडनीचा आकडा तर पुढे गोळ्यांचा डोस ठरवायला लागणारच आहे.

लोह कमी निघालं तर ते का कमी झालं हेही शोधायचं. पाळी जास्त जात असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल, वर्षात तीन-चारदा रक्तदान करत असाल. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाचं लोह विनाकारण कमी असेल तर पोट-आतड्यातून रक्त जातंय का ते बघायलाच हवं, नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नका.

पोटातून लोह कसं घ्यायचं

पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" किती एमजी आहे ते बघा, तोच खरा आकडा. अभ्यासांमध्ये साधारण ६५ एमजी एलिमेंटल आयर्न व्हिटॅमिन सी बरोबर देतात, आपल्याकडे फेरस अ‍ॅस्कॉर्बेट १०० एमजीवाली गोळी जास्त चालते. दिवसातून एकदाच, आणि पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालतं, एक दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं असं दिसलंय.

आपल्याकडे लोह वाया जातं ते चहामुळे. जेवण झालं की चहा, गोळीबरोबर चहा, हे सोडावं लागेल, गोळीच्या आधी-नंतर किमान दोन तास चहा-कॉफी-दूध नको. कॅल्शियमची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं औषध त्याच वेळी नको, थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. मी लिंबाच्या पाण्याबरोबर झोपायच्या आधी घेते, रात्रीचं जेवण आठला आणि गोळी साडेदहाला, असं बसवलंय.

शौच काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ होतं त्याला पाणी आणि इसबगोल. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, मुलांनी खाल्ल्या तर जिवावर बेततं. थॅलेसेमिया मायनर असेल किंवा घरात कोणाला शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर तपासल्याशिवाय लोह घेऊ नका.

तीन महिन्यांनी फेरिटिन परत. घाई करू नका, पहिल्या महिन्यात काहीच फरक वाटत नाही आणि इथेच लोक सोडून देतात. हळिवाचे लाडू, लोखंडी कढईतली भाजी, खजूर, नाचणी हे सगळं जरूर खा, पण १६ वरून ७५ वर जायला तेवढं पुरणार नाही, आईच्या हातच्या हळिवाच्या लाडवांवर मी एक अख्खा हिवाळा काढलाय म्हणून सांगते.

शिरेतून लोह

गोळ्या सोसत नाहीत, तीन महिन्यांत आकडा हलत नाही, त्रास तीव्र आहे, किंवा फेरिटिन ७५ ते १०० मध्ये अडकलंय, अशा वेळी सलाईनमधून लोह. आरएलएससाठी सगळ्यात भक्कम पुरावा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचा आहे, साधारण १००० एमजी. हे हॉस्पिटलमध्येच घ्यायचं, नंतर अर्धा तास तिथेच बसवतात कारण क्वचित अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही, त्यामुळे जळजळ झाली तर लगेच नर्सला सांगा. ह्या औषधाने काहींचं फॉस्फेट खाली जातं, नंतर आठवडाभर खूप गळाल्यासारखं, हाडं दुखल्यासारखं वाटलं तर ती तपासणी सांगा.

मला हे दिलं तेव्हा दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, दहा दिवसांनीही नाही. साधारण पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठले तेव्हा घड्याळात सहा वाजले होते आणि मधली एकही फेरी आठवत नव्हती. सगळ्यांना असं होतंच असं नाही, पण निर्णय किमान सहा ते बारा आठवड्यांनी घ्यायचा, आधी नाही.

तोपर्यंत रात्री कशा काढायच्या

घरचे उपाय आजार बरा करत नाहीत पण रात्र पार पाडतात, आणि आठवड्यातून एखाद-दोनदाच त्रास असेल तर कदाचित एवढंच पुरेल. पोटरी ताणायचा व्यायाम: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, तीस सेकंद, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा, झोपायच्या आधी. गरम पाण्यात पाय किंवा गार पाण्याचा मारा, कोणाला काय मानवतं ते करून बघा, मला गार पाणी. काशाच्या वाटीने तळपाय घासणं, पाय चेपून घेणं हे सगळं चालतं, त्या वेळेपुरता मेंदूला दुसरा संदेश मिळतो. आई बांधायची ती पट्टी, तिच्याऐवजी गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे झोपायच्या आधी तासभर घालता येतात, रात्रभर घट्ट कापड बांधून झोपू नका, रक्त अडतं.

संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी बंद करून बघा. दारूने गुंगी येते आणि मग मध्यरात्री दुप्पट त्रास. व्यायाम रोज हवा पण मध्यम, दिवसा, संध्याकाळी उशिरा जिममध्ये अंग मोडलं तर रात्र बिघडते. डोकं गुंतलेलं असलं की पाय गप्प राहतात, म्हणून बसायचं असेल तेव्हा शब्दकोडं, विणकाम, भाजी निवडणं, पत्ते असं काहीतरी हातात घ्या. नुसता टीव्ही पुरत नाही.

मॅग्नेशियमबद्दल सगळे विचारतात. पुरावा कमजोर आहे, किडनी ठीक असेल तर थोडे दिवस घेऊन बघायला हरकत नाही पण त्याच्या भरवशावर लोहाची तपासणी पुढे ढकलू नका.

रोजच्या गोळीची वेळ आली तर

लोह भरलं, बिघडवणारी औषधं काढली, तरीही आठवड्यातून दोन-तीन रात्री जाग होतेय, दिवसा काम होत नाहीये, तर मग औषध. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात पहिल्या पसंतीला गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ह्या जातीची औषधं ठेवली आहेत. पूर्वी पहिल्या पसंतीला जी औषधं होती ती मागे सरकवली, त्याचं कारण पुढे सांगते. तुमच्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने लिहून दिलं तर भांडू नका, एवढं विचारा की "प्रीगॅबालिनने सुरुवात करता येईल का?"

सुरुवात लहान डोसने होते, प्रीगॅबालिन साधारण ७५ एमजी, गॅबापेंटिन साधारण ३००, वय ६५च्या पुढे असेल तर त्याहून कमी, आणि मग हळूहळू वर. किडनी कमकुवत असेल तर डोस कमी करावा लागतो, क्रिएटिनिन त्यासाठीच. वेळ महत्त्वाची: त्रास सुरू व्हायच्या एक-दोन तास आधी, गादीवर पडल्यावर नाही. तुमच्या वहीत साडेनऊ लिहिलं असेल तर गोळी आठला.

आपल्याकडची एक अडचण इथे मुद्दाम सांगते कारण मी स्वतः त्यात अडकले होते. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन आपल्या बाजारात बऱ्याचदा जोडगोळी म्हणून येतात, एकात मिथाइलकोबालामिन (बी१२ चाच प्रकार) असतं त्याचं काही बिघडत नाही, पण दुसऱ्यात नॉरट्रिप्टिलिन असतं, आणि ते अमिट्रिप्टिलिनच्याच घरचं आहे, आरएलएस वाढवू शकतं. नावं एकसारखी, पुढे फक्त एखादं अक्षर वेगळं. मेडिकलवाल्याने "हे सेमच आहे" म्हणून दिलं तरी पाकीट उलटं करून वाचा, नॉरट्रिप्टिलिन दिसलं तर डॉक्टरांना फोन करून विचारा.

दुष्परिणाम: सकाळी गुंगी, चक्कर, वजन वाढणं, पायांवर सूज, काहींना मन उदास होणं. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठला तर पडू शकतो, वाटेत दिवा लावून ठेवा. दमा-सीओपीडी असेल, झोपेत श्वास अडकत असेल, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी किंवा दारू चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, श्वास मंदावू शकतो. अचानक बंद करायचं नाही.

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल: इथे थांबून वाचा

ही डोपामिनसारखं काम करणारी औषधं, मूळची पार्किन्सनची. अमेरिकेत आरएलएससाठी रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रॅमिपेक्सोलला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि बरीच वर्षं जगभर हीच पहिली गोळी होती. मलाही तीच मिळाली, ०.१२५ एमजी, इवलीशी. पहिल्या रात्री मी सात तास झोपले आणि सकाळी रडले. असं वाटलं संपलं सगळं.

दीड वर्षाने त्रास रात्री दहाऐवजी आठला सुरू व्हायला लागला. डोस वाढवला. दोन महिने छान, मग सहाला. परत डोस वाढवला. चौथ्या वर्षी दुपारी साडेतीनला ऑफिसात खुर्चीवर बसता येईना आणि पायांबरोबर हातही वळवळायला लागले, जे आधी कधीच नव्हतं. ह्याला ऑग्मेंटेशन म्हणतात, म्हणजे औषधच आजार वाढवतं. खुणा तीन-चार आहेत त्या पाठ करा: त्रास दिवसात लवकर सुरू होणं, जास्त जोरात होणं, बसल्यावर पटकन सुरू होणं, हात किंवा शरीराच्या दुसऱ्या भागात पसरणं. फसवणारी गोष्ट ही की डोस वाढवला की थोडे दिवस बरं वाटतं, त्यामुळे रुग्णाला आणि डॉक्टरांना दोघांनाही वाटतं की आजारच वाढलाय. फेरिटिन कमी असलेल्यांना हे जास्त होतं, आणि माझं १६ होतं हे तेव्हा कोणी बघितलंच नव्हतं.

आता नव्या सूचनांमध्ये ही औषधं नेहमीच्या वापरासाठी नको असंच म्हटलंय, आणि लेव्होडोपा ह्या पार्किन्सनच्याच दुसऱ्या औषधाचंही तेच, त्यात तर ऑग्मेंटेशन आणखी लवकर येतं. दुसरा धोका, ह्या गोळ्यांनी काही लोकांचा स्वतःवरचा ताबा सुटतो, जुगार, ऑनलाइन रमी, रात्री दोनला वेड्यासारखी खरेदी, खाण्यावर किंवा लैंगिक बाबतीत ताबा नसणं. माणसाला स्वतःला ते औषधामुळे होतंय हे कळत नाही आणि तो लाजेने लपवतो, म्हणून गोळी चालू असेल तर घरातल्या एकाला तरी हे माहीत हवं. तिसरं, दिवसा अचानक झोप येऊ शकते, गाडी चालवणाऱ्यांनी जपा.

तुम्ही आत्ता प्रॅमिपेक्सोलवर असाल तर हे वाचून आज रात्री गोळी टाकून देऊ नका. एकदम बंद केली तर चार-पाच रात्री अजिबात झोप नाही अशी अवस्था होते. त्रास नसेल, डोस कमी असेल, वर्षानुवर्षं तोच असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा, घाई नाही. खुणा दिसत असतील तर डोस आणखी वाढवून घेऊ नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा. माझं असं केलं: आधी फेरिटिन तपासून सलाईनमधून लोह दिलं, मग प्रीगॅबालिन सुरू केलं, ते बसल्यावर प्रॅमिपेक्सोल अगदी थोडं थोडं कमी केलं, जवळपास तीन महिने लागले. शेवटची गोळी सुटली त्यानंतरचा आठवडा कठीण होता. मी ऑफिसमधून रजा घेतली होती, नवऱ्याने रात्री पाय चेपले, आणि आठव्या-नवव्या दिवसापासून उतार पडला.

बाकीची औषधं थोडक्यात

क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी आपल्याकडे सर्रास देतात. त्याने झोप लागते पण पायांवर काम होतं असा पुरावा नाही, सवय लागते, म्हातारी माणसं पडतात. नव्या सूचना त्याच्या विरोधात आहेत. डायपिरिडामोल हे रक्त पातळ ठेवणारं औषध काहींना उपयोगी पडतं, ते आता पर्यायात आहे. इतर काहीच चाललं नाही, ऑग्मेंटेशन खूप पुढे गेलंय, अशा वेळी अगदी लहान डोसमध्ये ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं) देतात, ते अनुभवी तज्ज्ञांच्या हाताखालीच. गुडघ्याखालच्या नसेला बाहेरून सौम्य विजेचे झटके देणारं यंत्रही अमेरिकेत वापरात आलंय, त्या सूचनांमध्ये त्याला सशर्त जागा आहे.

गरोदरपण, डायलिसिस, मुलं

गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत बऱ्याच बायकांना हे होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं. तिथे लोह हाच मुख्य उपचार, ताणायचे व्यायाम, मालिश. वर सांगितलेल्या गोळ्या स्वतःहून अजिबात नाहीत, गायनॅकना विचारूनच. डायलिसिसवर असणाऱ्यांना चार तास खुर्चीत बसणं म्हणजे शिक्षा होते. युनिटच्या डॉक्टरांना नाव घेऊन सांगा, लोहाचे आकडे त्यांच्यासाठी वेगळे असतात आणि गॅबापेंटिनचा डोस फारच कमी ठेवावा लागतो. मुलांमध्ये ह्याला "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देतात. मूल रात्री पाय आपटतंय, चेपून मागतंय, वर्गात एका जागी बसत नाहीये आणि आई-बाबांपैकी कोणाला हा त्रास आहे, तर पिडियाट्रिशियनना फेरिटिन करायला सांगा, मुलांत ५० च्या खाली असेल तर लोहाचा विचार करतात.

जिथे हलता येत नाही अशा जागा

रात्रीची एसटी, स्लीपर बस, नाटकाचं थिएटर, लांबचं विमान. मधल्या वाटेला लागून असलेली सीट मागून घ्या, कारण न सांगता उठता आलं पाहिजे. शक्य असेल तर सकाळचा प्रवास. विमानात झोप यावी म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी घेऊ नका. रोज औषध घेत नसाल आणि वर्षातून दोनदाच असा प्रवास असेल तर त्यापुरतं काय घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, कागदावर लिहून द्या: आरएलएस आहे, मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोमेथाझिन नको, उलटीसाठी ओंडान्सेट्रॉन चालेल, आणि नेहमीच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी घ्यायच्या की नाही. एमआरआय, डोळ्यांचं ऑपरेशन, दातांचं काम, सगळं सकाळच्या वेळेत घ्या, कारण सकाळी पाय सगळ्यात शांत असतात.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला वय वर्षं ७४ मध्ये पहिल्यांदा फेरिटिन करायला लावलं होतं, २१ आलं, आणि चार महिने लोह घेऊन तिच्या रात्रीच्या फेऱ्यांची संख्या एकवर आली होती. तरी तिला एकच धास्ती, डॉक्टर डोळ्यात काहीतरी करत असतील आणि आपला पाय उडेल. आम्ही डॉक्टरांना आधीच सगळं सांगितलं, त्यांनी तिला यादीत पहिली घेतली, सकाळी साडेसातला, आत नेण्याआधी कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं चालू दिलं, आणि एका नर्सने पूर्ण वेळ तिच्या पोटऱ्यांवर हात दाबून धरला. पंधरा-वीस मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य डोळ्याबद्दल नव्हतं, "पाय हलला नाही गं" म्हणाली.